'जतन' या संकल्पनेची फेरतपासणी : अँजी रेआनो ओवेन यांच्या शंख-फिरोजा जडावकामाच्या संदर्भात

प्रास्ताविक

मूलनिवासी स्त्री-कारागिरांविषयीच्या लेखनात 'वारशाचे जतन' हा शब्दप्रयोग इतक्या सहजपणे येतो, की त्याच्या अर्थाची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. प्रदर्शनाची माहितीपत्रिका असो, विक्रेत्याने लावलेली पाटी असो किंवा वृत्तपत्रातील परिचय असो. आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे अखंडपणे आलेली विद्या, असे एक ठरीव चित्र त्यातून उभे केले जाते. या चित्रात कारागीर स्त्री ही केवळ राखणदार असते. तिने काही निवडले, काही टाकले, हरवलेले काही शोधून काढले, असे त्यातून सूचित होत नाही. परिणामी तिच्या कामाची समीक्षाही होत नाही. फक्त गौरव होतो.

मराठीतील 'जतन' हा शब्द संस्कृत 'यत्न' या शब्दापासून आलेला आहे. ठेव सांभाळणे हा त्याचा आजचा रूढ अर्थ असला, तरी त्याच्या मुळाशी प्रयत्नाची, म्हणजे कृतीची कल्पना आहे. हा मूळ अर्थ लक्षात ठेवून एका कारागीर स्त्रीच्या कार्याकडे पाहिल्यास वारशाच्या रूढ कल्पनेत कोणते बदल करावे लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू मेक्सिको राज्यातील केवा (सांतो डोमिंगो) प्युब्लो येथील अलंकारकार अँजी रेआनो ओवेन (जन्म १९४६) यांच्या कार्याची निवड केली आहे. १९७०च्या दशकापासून त्यांनी शंख-शिंपल्यांवर फिरोजाचे बारीक तुकडे बसवण्याच्या प्राचीन जडावकामाला नवे जीवन दिले, असे या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत योग्यच आहे. परंतु या पुनरुज्जीवनाचा मार्ग सरळ नव्हता. तो जुन्या बॅटरीच्या खोक्यांतून आणि वस्तुसंग्रहालयाच्या काचेच्या कपाटांतून गेला. वारशाविषयी विचार करण्यासारखे जे आहे, ते नेमके या वळणात आहे.

केवा आणि मण्यांची विद्या

केवा हे गाव अल्बुकर्की आणि सांता फे या दोन शहरांच्या दरम्यान रिओ ग्रँडे नदीच्या काठी वसलेले आहे. येथील लोक केरेस भाषा बोलतात. स्पॅनिश राजवटीने दिलेले 'सांतो डोमिंगो' हे नाव दीर्घकाळ सरकारदरबारी रूढ होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस गावाने 'केवा' हे स्वतःचे नाव अधिकृतपणे पुन्हा स्वीकारले. शेती, मृत्पात्रे आणि विशेषतः मण्यांच्या माळा यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. शंखाच्या बारीक, चपट्या मण्यांना 'हिशी' म्हणतात. केरेस भाषेत हा शब्द मुळात शंख-शिंपल्यासाठीच आहे. पुढे तो मण्यांसाठी आणि नंतर माळेसाठीही वापरला जाऊ लागला.

हिशी घडवण्याची रीत वरवर साधी वाटते. शिंपला फोडून त्याच्या पट्ट्या आणि पट्ट्यांचे लहान चौकोनी तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यास भोक पाडावयाचे, ते तुकडे दोऱ्यात किंवा तारेत घट्ट ओवावयाचे आणि ती संपूर्ण ओळ घर्षणाच्या दगडावर फिरवत घासावयाची. कोपरे झिजतात आणि गोल मणी तयार होतो. पूर्वी भोके पाडण्यासाठी हाताने वरखाली चालवावयाचा सामता वापरला जाई. आता यंत्राचे सामते आणि घर्षणचक्रे आली आहेत. साधन बदलले तरी कोणता तुकडा घासण्याच्या वेळी टिकेल आणि कोणता चिरेल, याचे ज्ञान बोटांतच असावे लागते. मूळ शिंपल्याचा बराचसा भाग या प्रक्रियेत भुकटी होऊन वाया जातो.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, कोरड्या पठारावर आहे. शिंपले प्राचीन काळापासून कॅलिफोर्नियाच्या आखातासारख्या दूरच्या किनाऱ्यांवरून व्यापारी वाटांनी येत आले. फिरोजा मात्र जवळच, सेरिलॉसच्या टेकड्यांत मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथील खाणींवर बाहेरच्या खाणव्यवसायाने ताबा मिळवला. केवाचे लोक पिढ्यान् पिढ्या हिंडते व्यापारी म्हणून ओळखले जात. म्हणजे ज्याला आज 'स्थानिक' वारसा म्हटले जाते, त्याचा अर्धा कच्चा माल आरंभापासूनच परका होता आणि तयार मालाचा मोठा भाग बाहेर जाण्यासाठीच घडत होता. बाजारामुळे मूळची शुद्ध परंपरा भ्रष्ट झाली, हे नेहमीचे विधान या गावाच्या बाबतीत इतिहासाला धरून होत नाही.

टंचाईच्या काळातील अलंकार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नैऋत्य अमेरिकेत रेल्वे आली आणि तिच्याबरोबर पर्यटक आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मोटारींचे महामार्ग झाले. १९२९ नंतरच्या महामंदीच्या वर्षांत केवामध्ये अलंकारांचा एक नवा प्रकार बहरला. त्यास 'थंडरबर्ड हार' म्हणतात. पंख पसरलेल्या पक्ष्याचे पदक आणि दोन्ही बाजूंना जडवलेल्या लहान चकत्या, असे त्याचे स्वरूप असे. पर्यटकांना 'इंडियन' म्हणून ओळखू येणारे चिन्ह हवे होते आणि मेघगर्जनेचा हा पक्षी पर्यटन व्यवसायाने आधीच लोकप्रिय करून ठेवला होता.

या हारांचे वैशिष्ट्य त्यांच्या द्रव्यांत आहे. जेट हा चमकदार काळा, कोळशाच्या जातीचा पदार्थ मिळेना किंवा परवडेना, तेव्हा मोटारीच्या बॅटरीचे टणक रबरी खोके आणि ग्रामोफोनच्या फुटक्या तबकड्या कापण्यात आल्या. पोवळे किंवा लाल शिंपला यांच्या जागी कंगव्यांसारख्या वस्तूंचे लाल प्लॅस्टिक आले. पांढऱ्यासाठी परिसरात सापडणारे जिप्सम घेतले गेले. फिरोजाचे मात्र खरे तुकडे, बहुधा कामातून उरलेली कपची, मध्यभागी किंवा पंखांवर बसवली जात. हे हार रस्त्याच्या कडेला आणि दुकानांतून अगदी थोड्या किमतीत विकले जात. क्लारा रेआनो आणि त्यांचे कुटुंब या कामात होते. त्यांची मुलगी अँजी बालपणापासून या कामास हात लावत मोठी झाली.

संग्राहकांनी आणि अभ्यासकांनी या हारांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. स्वस्त, पर्यटकी, प्लॅस्टिकचे, अशी त्यांची संभावना झाली. अलीकडे मात्र त्यांचा संग्रह आणि अभ्यास होऊ लागला आहे. हा बदल स्वागतार्ह असला तरी त्यात भाबडेपणाचा धोका आहे. दारिद्र्यातील कल्पकता म्हणून या हारांचे कौतुक करताना त्यांच्यामागील दारिद्र्य नजरेआड होता कामा नये. खाणी हातच्या गेलेल्या, शेतीवर पोट न भरणाऱ्या समाजाने टाकाऊ वस्तूंतून केलेली ती उपजीविका होती. तथापि समीक्षेच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब वेगळीच आहे. थंडरबर्ड हार हे तंत्रदृष्ट्या जडावकाम आहे. एका पायावर वेगवेगळ्या रंगांचे तुकडे कापून, एकमेकांशी जुळवून, चिकटवून आणि शेवटी सर्व पृष्ठभाग घासून सपाट करणे, ही क्रिया त्यात पूर्णपणे टिकून होती. द्रव्य बदलले होते. हाताची शिस्त बदलली नव्हती.

संग्रहालयातील काच

विवाहानंतर ओवेन काही काळ ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे राहिल्या. तेथील वस्तुसंग्रहालयात त्यांनी होहोकाम संस्कृतीचे अलंकार पाहिले. होहोकाम हे दक्षिण ॲरिझोनाच्या वाळवंटात कालवे काढून शेती करणारे लोक होते. त्यांची संस्कृती पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लयास गेली. आखातातून आणलेल्या शिंपल्यांची कंकणे आणि बेडकाच्या आकारात फिरोजाचे तुकडे बसवलेले शिंपले ही त्यांच्या अलंकारकलेची प्रसिद्ध उदाहरणे होत. तुकडे चिकटवण्यासाठी झाडांची राळ किंवा वाळवंटी झुडपांवरील कीटकांपासून मिळणारी लाख वापरली जाई. उत्तरेकडे चाको दरीतील पुएब्लो बोनितो या भव्य वास्तूतही १८९६ ते १८९९ या काळातील उत्खननात असेच जडावकाम आणि फिरोजाचे हजारो तुकडे मिळाले. तेथे सापडलेला, फिरोजाचे डोळे असलेला जेटचा बेडूक आज न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

हे जडावकाम केवामध्ये पूर्णपणे लुप्त झालेले नव्हते. परंतु त्याचे प्राचीन वैभव तेथे कोणाच्या हाती राहिलेले नव्हते. ओवेन यांनी संग्रहालयातील वस्तूंचा अभ्यास केला आणि १९७०च्या दशकात शिंपल्यांच्या पायावर खऱ्या फिरोजाचे, जेटचे आणि शिंपल्याचे जडावकाम करण्यास आरंभ केला. राळेऐवजी त्यांनी इपॉक्सी हे आधुनिक चिकटद्रव्य वापरले.

येथे 'अखंड परंपरा' हे ठरीव चित्र कोसळते. ओवेन यांना कलेचे प्राचीन रूप आईने दिले नाही. ते त्यांना काचेआड मिळाले. परंतु ती वस्तू पाहताच ती कशी घडली असेल हे उमगण्याची क्षमता त्यांना संग्रहालयाने दिली नाही. ती बॅटरीची खोकी कापता कापता घरातच तयार झाली होती. त्याच कपाटासमोर असंख्य अभ्यासक उभे राहिले असतील. त्यांना त्यात नमुना दिसला, ओवेन यांना कृती दिसली. ज्या हारांना 'अस्सल नव्हे' म्हणून बाजूस सारले गेले, त्यांनीच प्राचीन आणि अर्वाचीन यांमधील पूल सांभाळून ठेवला होता, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

संग्रहालयाची भूमिका मात्र इतक्या सरळपणे स्वीकारता येत नाही. या कपाटांतील अलंकारांचा मोठा भाग दफनांतून उचललेला आहे. पुएब्लो बोनितोमधील फिरोजाचा सर्वांत मोठा साठा एका दफनकक्षात मिळाला. त्या कक्षातील नऊ व्यक्तींच्या अवशेषांत एकच मातृवंशीय जनुकीय खूण असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. सत्ता आणि अलंकार आईच्या वंशातून चालत असावेत, असा त्याचा अर्थ लावला गेला. स्त्री-कारागिरांच्या संदर्भात हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु चाकोला पूर्वजांचे स्थान मानणाऱ्या समाजांशी विचारविनिमय न करता हे संशोधन झाले, अशी टीकाही त्यावर झाली. मृतांचे अवशेष आणि दफनातील वस्तू वंशजांना परत करण्याविषयीचा अमेरिकेतील कायदा १९९० चा आहे. अशा वस्तू प्रदर्शित करण्यापूर्वी किंवा त्यांवर संशोधन करण्यापूर्वी संबंधित समाजाची संमती घेण्याचा नियम जानेवारी २०२४ मध्ये लागू झाला. एखाद्या समाजातील स्त्रीला पूर्वजांच्या हातचे काम पाहण्यासाठी दुसऱ्यांच्या संस्थेत जावे लागावे, यात जतनाची यशोगाथा जितकी आहे, तितकीच हिरावून घेतल्याची कथाही आहे. समीक्षेने दोन्ही बाजू एकत्र मांडल्या पाहिजेत.

कलाकृतींचे स्वरूप

ओवेन यांच्या कंकणांत शिंपल्याच्या वक्र पायावर फिरोजाच्या लहान आयताकृती चकत्या ओळीने बसवलेल्या असतात. त्यांमध्ये जेटचे काळे पट्टे, काटेरी शिंपल्याचे नारिंगी-तांबडे तुकडे आणि पांढऱ्या शिंपल्याच्या रेषा येतात. फिरोजा कोठेही एकाच छटेचा नसतो. निळा, हिरवट, मातकट शिरांचा असे त्याचे नैसर्गिक भेद शेजारी शेजारी ठेवले जातात. कारखान्यात तयार झालेल्या नकली फिरोजाची एकसारखी निळाई पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यास हे भेद प्रथम दोष वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः पृष्ठभागाला जिवंतपणा त्यांच्यामुळेच येतो. तुकड्यांमधील बारीक गडद फटी लपवलेल्या नसतात. त्या रेषांमुळे प्रत्येक तुकडा वेगळा कापला गेला आहे, याची जाणीव पाहणाऱ्यास सतत राहते. तरीही हात फिरवला असता पृष्ठभाग सलग लागावा, अशीच त्याची घडण असते.

या कामात चांदीचे प्रभुत्व नाही, हेही अर्थपूर्ण आहे. अमेरिकन इंडियन अलंकार म्हटले की चांदी आणि फिरोजा हेच समीकरण डोळ्यांपुढे येते. परंतु चांदीकाम या प्रदेशातील मूलनिवासींनी एकोणिसाव्या शतकात आत्मसात केले; नव्हाहो लोकांनी ते मेक्सिकन कारागिरांकडून घेतले आणि तेथून ते प्युब्लो गावांत पसरले. ओवेन यांचे जडावकाम त्याआधीच्या काळाशी नाते जोडते. बाजाराने 'पारंपरिक' म्हणून मान्य केलेल्या रूपापेक्षा अधिक जुनी परंपरा समोर आणून त्या पारंपरिकतेच्या कल्पनेलाच प्रश्न विचारतात.

त्याचबरोबर हे काम प्राचीन नमुन्यांची नक्कलही नाही. होहोकाम कारागिराला बेडूक महत्त्वाचा होता. वाळवंटी शेतकऱ्याच्या दृष्टीने पाण्याशी असलेले त्याचे नाते उघड आहे. ओवेन यांच्या कंकणांत मात्र भर आहे तो भौमितिक लयीवर, म्हणजे ओळी, पट्टे आणि त्यांचा खंड यांवर. अर्थाचे चिन्ह मागे पडते आणि रचनेचा विचार पुढे येतो. काही प्रसंगी ही लय इतकी सफाईदार होते, की प्राचीन कामातील किंचित ओबडधोबड जोम त्यात उरत नाही. ही उणीव नोंदवणे म्हणजे कामाचे मोल कमी करणे नव्हे. ज्या कामास दोष देता येत नाही, ते काम समीक्षेच्या बाहेर ठेवले गेलेले असते. आणि मूलनिवासी स्त्रियांच्या कलेची आजवर तशीच उपेक्षा झाली आहे.

अस्सलपणाचा प्रश्न

'इंडियन कला आणि हस्तकला कायदा' हाही १९९० चाच. मूलनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्यास व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अंमलबजावणी मात्र दीर्घकाळ दुबळी राहिली. फिलिपाईन्समध्ये तयार झालेले अलंकार मूलनिवासींचे म्हणून विकल्याप्रकरणी न्यू मेक्सिकोतील एका व्यापाऱ्यास २०१८ मध्ये सहा महिन्यांची कैद झाली. नकली मालाने किमती पाडल्या की घाव प्रथम घरी बसून काम करणाऱ्या कुटुंबांवर बसतो. वारशाचा प्रश्न हा येथे भाकरीचा प्रश्न असतो.

या कायद्याची एक बाजू तात्त्विक दृष्टीनेही विचारार्ह आहे. तो द्रव्याविषयी किंवा तंत्राविषयी काहीही ठरवत नाही; बनवणारी व्यक्ती त्या समाजाची आहे काय, एवढेच पाहतो. या निकषानुसार प्लॅस्टिकचा थंडरबर्ड हार अस्सल ठरतो आणि परक्याने खऱ्या फिरोजाचे केलेले निर्दोष जडावकाम तसे ठरत नाही. संग्राहकाची दृष्टी नेमकी याच्या उलट असते. त्याला द्रव्याची शुद्धता हवी असते. क्लारा रेआनो यांच्या पिढीचे हार आणि त्यांच्या मुलीची कंकणे शेजारी ठेवल्यास दोन्ही निकषांतील अपुरेपणा दिसतो. कायद्याला व्यक्ती दिसते, संग्राहकाला वस्तू दिसते. दोघांच्या मधील कौशल्याची वाटचाल कोणालाच दिसत नाही.

काही मर्यादा

ओवेन यांच्या कार्याच्या रूढ मांडणीतही काही प्रश्न अनुत्तरित राहतात. पहिला प्रश्न कर्तृत्वाचा आहे. एका स्त्रीचे नाव घेऊन लिहिलेला पुनरुज्जीवनाचा इतिहास सोयीचा असतो. परंतु केवामधील अलंकारकाम हे कुटुंबाचे काम आहे. कापणे, भोके पाडणे, घासणे, ओवणे आणि विकणे यांत आईवडील, भावंडे, मुले सर्वांचा वाटा असतो. रेआनो कुटुंबातील इतरांनीही जडावकाम केले आहे. स्वाक्षरी एकाची आणि कौशल्य अनेकांचे, हा ताण आधुनिक कलाबाजाराने निर्माण केलेला आहे.

दुसरा प्रश्न या अलंकारांच्या मुक्कामाचा आहे. थंडरबर्ड हार स्वस्तात गावाबाहेर जात; जडावाची कंकणे महाग होऊन गावाबाहेर जातात. मग गावात काय उरते? याचे उत्तर काही अंशी ४ ऑगस्ट या दिवशी मिळते. त्या दिवशी केवाच्या चौकात मक्याचे मोठे नृत्य होते आणि शेकडो स्त्रीपुरुष फिरोजा आणि शंख यांच्या माळा घालून नाचतात. त्या नृत्याचे छायाचित्र किंवा रेखाटन करण्यास मनाई आहे. अलंकार जेथे खऱ्या अर्थाने वापरात आहे, तेथे बाहेरच्या नजरेला केवळ साक्षीदार होता येते, संग्राहक होता येत नाही. विकण्यासाठी घडणारे आणि नृत्यासाठी राखलेले यांत एकच कौशल्य वाहत असते. विक्रीतून आलेल्या पैशाने दुसऱ्याला आधार मिळतो.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, केवाचा अलंकारवारसा आरंभापासून देवघेवीवर उभा आहे. त्यात शुद्ध आणि भ्रष्ट असे कालखंड पाडणे योग्य नाही. दोन, प्राचीन जडावकामाचे पुनरुज्जीवन शक्य झाले, ते टंचाईच्या काळात हलक्या समजल्या गेलेल्या कामाने हाताचे वळण सांभाळले म्हणून. तीन, संग्रहालयातील वस्तूने रूप पुरवले, पण त्या रूपाचे वाचन करू शकणारा हात घरातून आला.

म्हणून ओवेन यांच्या कार्याला 'जतन' म्हणावयाचे असेल, तर तो शब्द त्याच्या मूळ अर्थाने, यत्न या अर्थाने, वापरावा लागेल. पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखा वारसा येथे कोणाला मिळालेला नाही. आईला खाण मिळाली नाही, तेव्हा तिने बॅटरीचे खोके कापले; मुलीला कपाट उघडता आले नाही, तेव्हा तिने काचेतून पाहून काम केले. कारागीर स्त्रियांचा गौरव करणाऱ्या लेखनाने त्यांच्या हातातील वस्तूबरोबरच त्या वस्तूपर्यंत पोहोचण्यासाठी पडलेल्या कष्टांचाही हिशेब ठेवला, तर तो गौरव अधिक न्याय्य ठरेल.